संधिवाताचे उपचार मोबाइलवरून होऊ शकतात का? काय जमतं आणि काय जमत नाही

समजा, धाराशिव जिल्ह्यातल्या एखाद्या गावात ४२ वर्षांची एक बाई आहे. गेले दोन महिने सकाळी उठल्यावर तिच्या हाताची बोटं वळत नाहीत. भाकरीचं पीठ मळायला घेतलं की मनगटातून कळ येते. तास-दीड तासाने हात सैल होतो, म्हणून ती कामाला लागते. मेडिकलमधून आणलेल्या गोळीने दोन दिवस बरं वाटतं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी एका संध्याकाळी मुलगा मोबाइलवर 'सांधेदुखीवर घरगुती उपाय' असं शोधतो. समोर तेलं, काढे, गुडघ्याचे पट्टे आणि 'सात दिवसांत फरक' सांगणाऱ्या व्हिडिओंची रांग लागते.

ही बाई काल्पनिक आहे, पण तिची अडचण अनेक घरांत ओळखीची वाटेल. तिच्या मुलाच्या हातातल्या त्याच मोबाइलवरून सरकारी डॉक्टरांशी मोफत बोलता येतं. गुडघ्यांसाठीचे व्यायाम शिकता येतात. तज्ज्ञ शहरात असला, तरी दर महिन्याला त्याच्यापर्यंत आपली स्थिती पोहोचवता येते. आणि त्याच मोबाइलमुळे योग्य उपचार सहा महिने लांबूही शकतात.

मग संधिवातात इंटरनेटचा खरा उपयोग कुठे होतो, कुठे तो थांबतो आणि आतापर्यंतचं संशोधन काय सांगतं? समजून घेऊया.

सगळी सांधेदुखी एकच असते का?

नाही. आणि बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो.

मराठीत आपण 'संधिवात' किंवा नुसतं 'वात' म्हणतो, तेव्हा त्यात अनेक वेगवेगळे आजार येतात. वैद्यकशास्त्राच्या हिशेबाने सांध्यांच्या आजारांचे १०० हून अधिक प्रकार आहेत. त्यातले दोन सगळ्यात जास्त ऐकू येतात.

पहिला ऑस्टिओआर्थ्रायटिस. वय, वजन, जुनी दुखापत यांमुळे सांध्यातली कूर्चा खराब होत जाते. हा बहुतेक वेळा गुडघ्यात दिसतो. सकाळचा ताठरपणा साधारण अर्ध्या तासाच्या आत जातो आणि चाललं की दुखणं वाढतं.

दुसरा ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. आयुर्वेदातला 'आमवात' हा शब्द अनेकदा यासाठी वापरला जातो. इथे शरीराची रोगप्रतिकारशक्तीच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. हाताची बोटं, मनगटं आणि पायाचे छोटे सांधे दोन्ही बाजूंनी सुजतात. सकाळचा ताठरपणा तासभर किंवा त्याहून जास्त राहतो. हा आजार तिशी-चाळिशीतही होतो आणि पुरुषांपेक्षा महिलांमध्ये साधारण दोन ते तीन पट जास्त आढळतो.

दोन्हींत सांधे दुखतात, पण उपचार पूर्ण वेगळे आहेत. ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये व्यायाम आणि वजन कमी करणं हा उपचाराचा पाया असतो. ऱ्हुमॅटॉइडमध्ये मात्र घड्याळ चालू असतं. पहिल्या काही महिन्यांत योग्य औषध सुरू झालं तर सांधे वाचण्याची शक्यता खूप वाढते, उशीर झाला तर हाडांची झीज होते आणि वाकडी झालेली बोटं औषधाने सरळ होत नाहीत. म्हणूनच युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस आहे की, सांध्याला सूज दिसू लागल्यापासून सहा आठवड्यांच्या आत रुग्ण तज्ज्ञापर्यंत पोहोचावा.

वरच्या उदाहरणातल्या बाईचे दोन महिने, म्हणजे आठ आठवडे, आधीच गेलेले आहेत.

व्हिडिओ कॉलवर डॉक्टरला काय कळत नाही?

संधिवाताचं निदान आजही मोठ्या प्रमाणात हाताने होतं. डॉक्टर एकेक सांधा अंगठ्याने दाबून बघतात. दाब किती द्यायचा, याचाही ठोकताळा आहे. डॉक्टरच्या स्वतःच्या अंगठ्याचं नख पांढरं पडेल इतका. दाबल्यावर सांधा टणक लागतो की आत मऊ, पाणी भरल्यासारखा लागतो, यावरून ती सूज आहे की नुसतं दुखणं आहे ते कळतं.

ऱ्हुमॅटॉइडची तीव्रता मोजण्यासाठी जगभर 'डीएएस-२८' नावाची पद्धत वापरतात. त्यात खांदे, कोपरं, मनगटं, बोटांचे सांधे आणि गुडघे असे २८ सांधे तपासले जातात. किती दुखतात, किती सुजलेत, रक्तातली सूज दाखवणारी चाचणी काय म्हणते आणि रुग्णाला स्वतःला कसं वाटतंय, या चार गोष्टींवरून एक आकडा निघतो. औषध वाढवायचं की कमी करायचं, हे त्या आकड्याच्या आधाराने ठरतं.

यातल्या चार गोष्टींपैकी 'सांधा सुजलाय का' हे मोबाइलच्या कॅमेऱ्यावर खात्रीने सांगता येत नाही. बोटं जाड दिसली तरी ती सूज आहे, हाडाची गाठ आहे की मुळातच बोटं तशी आहेत, हे दाबल्याशिवाय समजत नाही. महाराष्ट्रात त्यात आणखी एक भर पडते ती चिकुनगुन्याची. या तापानंतर काही जणांचे सांधे महिनोन्‌महिने धरलेले राहतात आणि ते चित्र ऱ्हुमॅटॉइडसारखंच दिसू शकतं. तो फरक करायला तपासणी आणि रक्तचाचण्या लागतात.

थोडक्यात, पहिली भेट समोरासमोरच व्हायला हवी.

मग फोनचा उपयोग नेमका कुठे?

पहिल्या भेटीनंतर. किंवा असं म्हणूया, दोन भेटींच्या मधल्या काळात.

ऱ्हुमॅटॉइड हा वर्षानुवर्षं सोबत राहणारा आजार आहे. तज्ज्ञ डॉक्टर मोठ्या शहरांत एकवटलेले असल्यामुळे रुग्णाला दर तीन-चार महिन्यांनी प्रवास करावा लागतो. एक दिवसाची मजुरी बुडते, सोबत कुणीतरी लागतं. आणि ज्या दिवशी डॉक्टरांची वेळ मिळते, त्या दिवशी नेमकं बरं वाटत असतं. मधल्या काळात जो त्रास झाला, तो 'मागच्या महिन्यात खूप दुखलं' एवढ्या वाक्यात उरतो.

ही पोकळी भरून काढता येते का, हे काही देशांनी तपासून पाहिलं आहे.

डेन्मार्कमध्ये आजार आटोक्यात असलेल्या २९४ ऱ्हुमॅटॉइड रुग्णांवर एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. काही रुग्ण नेहमीप्रमाणे दवाखान्यात येत राहिले. बाकीच्यांनी घरबसल्या प्रश्नावली भरायची आणि मग डॉक्टर किंवा प्रशिक्षित परिचारिकेने फोनवर बोलायचं, अशी व्यवस्था होती. वर्षभराने दोन्हीकडच्या रुग्णांचा आजार जवळपास सारखाच आटोक्यात होता. डॉक्टरऐवजी परिचारिकेने फोन केला म्हणूनही फरक पडला नाही.

ॲमस्टरडॅममध्ये एक पाऊल पुढे जाऊन अ‍ॅप वापरलं गेलं. १०३ रुग्ण होते. अ‍ॅप मिळालेल्या गटाने दर आठवड्याला आपल्या दुखण्याची नोंद करायची आणि गरज वाटली तरच डॉक्टरांची वेळ घ्यायची, असं ठरलं. २०२२ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार, वर्षभरात या गटाचे डॉक्टरांशी झालेले सल्ले ३८ टक्क्यांनी कमी झाले आणि आजार मात्र बळावला नाही.

या नोंदी फार अवघड नसतात. ॲमस्टरडॅमच्या अ‍ॅपमध्ये 'रॅपिड-३' ही प्रश्नावली होती. तिच्यात तीनच गोष्टी असतात. रोजची कामं किती जमतात, दुखणं किती आहे आणि एकूण कसं वाटतंय. प्रत्येकाला शून्य ते दहा गुण. शर्टाची बटणं लावता येतात का, भरलेला पेला तोंडापर्यंत नेता येतो का, असे साधे प्रश्न. हे वहीतही लिहिता येतं. अ‍ॅपचा फायदा एवढाच की आकडे वाढायला लागले की डॉक्टरांना ते लगेच दिसू शकतात.

इथे एक अट विसरून चालणार नाही. या दोन्ही चाचण्यांतल्या रुग्णांचं निदान आधीच झालेलं होतं, औषधं चालू होती आणि आजार आटोक्यात होता. नव्या रुग्णाला किंवा सांधे भडकलेल्या रुग्णाला हे निष्कर्ष लावता येत नाहीत.

गुडघ्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये मात्र इंटरनेटला जास्त वाव आहे, कारण तिथे मुख्य औषध व्यायामच आहे. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न विद्यापीठाने २०६ जणांवर केलेल्या चाचणीत एका गटाला २४ आठवड्यांचे व्यायाम दाखवणारी वेबसाइट आणि आठवण करून देणारे मेसेज दिले गेले. दुसऱ्या गटाला फक्त माहिती देणारी वेबसाइट मिळाली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात व्यायामाच्या गटातल्या १०० पैकी सुमारे ७२ जणांचं दुखणं जाणवण्याइतकं कमी झालं. दुसऱ्या गटात हे प्रमाण सुमारे ४२ होतं. एकाही फिजिओथेरपिस्टची भेट न घेता मिळालेला हा फरक आहे.

भारतात ऑनलाइन डॉक्टर काय लिहून देऊ शकतात?

भारतात टेलिमेडिसिनचे स्पष्ट नियम मार्च २०२० मध्ये, लॉकडाऊन लागला त्याच दिवसांत आले. त्यात औषधांच्या याद्या आहेत. काही साधी औषधं कोणत्याही माध्यमातून सांगता येतात. काही औषधं पहिल्या सल्ल्यात द्यायची असतील तर व्हिडिओ कॉल लागतो. काही औषधं फक्त जुन्या रुग्णाला, त्याच आजाराच्या पुढच्या उपचारासाठी देता येतात. अमली पदार्थांच्या कायद्यात येणारी औषधं अजिबात देता येत नाहीत. डॉक्टरचा नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर असावाच लागतो.

संधिवातात हे नियम कागदापुरते नाहीत. ऱ्हुमॅटॉइडमधलं मेथोट्रेक्सेट हे औषध बघा. स्वस्त, जुनं आणि बहुतेक रुग्णांना सुरुवातीला दिलं जाणारं. पण ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं गेलं तर रक्तातल्या पेशी घसरतात आणि जीवही जाऊ शकतो. अशा चुका जगभर झालेल्या आहेत. शिवाय यकृत आणि रक्तपेशींच्या चाचण्या ठरावीक काळाने कराव्या लागतात, आणि गर्भधारणेच्या काळात हे औषध चालत नाही.

आता कल्पना करा की, इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी व्हॉट्सअ‍ॅपवर आली, मेडिकलवाल्याने गोळ्यांची पट्टी दिली आणि घरात बाकीच्या गोळ्या रोजच्याच आहेत. 'आठवड्यातून एकदा' हा शब्द हरवायला वेळ लागत नाही. म्हणून ऑनलाइन सल्ल्यात या औषधाचा वार ठरवून घेणं, तो चिठ्ठीवर मराठीत लिहून घेणं आणि पुढच्या रक्तचाचणीची तारीख विचारणं, या तीन गोष्टी अत्यावश्यक आहेत. फोनवरचं रिमाइंडर इथे खरोखर कामाला येतं. दर रविवारी, एवढंच.

सर्च केल्यावर काय सापडतं?

लक्षणं टाकली की आजाराचं नाव सांगणारी अ‍ॅप जगभर आहेत. जर्मनीतल्या संशोधकांनी अशा दोन साधनांची पारख केली. संधिवाततज्ज्ञांकडे पहिल्यांदाच आलेल्या रुग्णांनी आधी अ‍ॅपमध्ये लक्षणं भरली आणि नंतर डॉक्टरांचं निदान त्याच्याशी ताडून पाहिलं गेलं. २०२१ मध्ये आलेल्या या अभ्यासात, रुग्णाला दाहक संधिवात आहे की नाही हे ओळखण्यात दोन्ही साधनं निम्म्याच्या आसपासच घुटमळली. म्हणजे जवळपास नाणेफेक.

आता मराठीत सफाईने उत्तरं देणारे एआय चॅटबॉट आले आहेत. डॉक्टरांना कोणते प्रश्न विचारायचे, रिपोर्टमधल्या शब्दाचा अर्थ काय, यासाठी त्यांची मदत होऊ शकते. पण सांधा दाबून बघण्याची अडचण त्यांनाही आहेच. आणि चुकीचं उत्तरही ते तितक्याच आत्मविश्वासाने देतात.

दुसरा धोका विक्रीचा आहे. भारतात औषधे आणि जादुई उपचार यांच्या जाहिरातींवरचा कायदा १९५४ पासून आहे. ज्या आजारांवर इलाजाच्या जाहिराती करायला त्याने बंदी आहे, त्या यादीत संधिवातही येतो. तरी सोशल मीडियावर 'मुळापासून बरा' म्हणणाऱ्या जाहिराती दिसतातच.

यात फक्त पैसे जातात असं नाही. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०२२ मध्ये 'आर्ट्री किंग' या नावाने ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या सांधेदुखीच्या उत्पादनांबद्दल वारंवार इशारे दिले. वरून वनस्पतींपासून बनवलेलं पूरक म्हणून विकलं जात होतं, पण तपासणीत त्यात डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आणि डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक सापडलं. लेबलवर दोन्हींचा उल्लेख नव्हता.

स्टेरॉइडने सूज झपाट्याने उतरते, म्हणून 'गुण आला' असं वाटतं. पण साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात आणि बरेच दिवस घेऊन अचानक बंद केलं तर शरीर कोलमडू शकतं. एखादं 'नैसर्गिक' औषध दोन दिवसांत जादूसारखं काम करत असेल, तर आनंदाच्या आधी शंका यायला हवी.

पावसाळ्यात सांधे खरंच जास्त दुखतात का?

आजी म्हणते, 'गुडघे बोलायला लागले, पाऊस येणार.' डॉक्टर यावर वर्षानुवर्षं नुसतं हसत आले. कारण हे तपासायचं तर हजारो लोकांचं दुखणं रोज नोंदवावं लागेल आणि प्रत्येकाच्या गावचं हवामान त्याशेजारी ठेवावं लागेल. कागदावर हे अशक्य होतं.

स्मार्टफोनने ते शक्य केलं. २०१६ मध्ये ब्रिटनमध्ये मँचेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी लोकांना आपलं दुखणं रोज अ‍ॅपमध्ये नोंदवायला सांगितलं. फोनच्या जीपीएसवरून त्या ठिकाणचं हवामान आपोआप जोडलं गेलं. १० हजारांहून जास्त लोक सामील झाले आणि प्रयोग १५ महिने चालला.

२०१९ मध्ये निष्कर्ष आले. हवेतला दमटपणा जास्त, हवेचा दाब कमी आणि वारा जोराचा, अशा दिवशी दुखणं वाढण्याची शक्यता जास्त होती. सगळ्यात मोठा वाटा दमटपणाचा होता. सगळ्यात वाईट हवामानाच्या दिवशी, सरासरी दिवसाच्या तुलनेत दुखणं वाढण्याची शक्यता साधारण २० टक्क्यांनी जास्त होती.

म्हणजे आजीचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. पण हवामानाचा परिणाम बेताचा आहे, हेही त्याच आकड्यांत दिसतं. अर्थात ब्रिटनचा दमटपणा म्हणजे कोकणातला जुलै नव्हे. इथलं उत्तर हवं असेल तर इथेच अभ्यास करावा लागेल.

आणखी एक गोष्ट. नोंदणी केलेल्या १० हजारांहून जास्त लोकांपैकी अंतिम विश्लेषणात वापरण्याजोग्या नोंदी २,६५८ जणांच्याच निघाल्या. रोज नोंद करणं कंटाळवाणं असतं. अ‍ॅपवर आधारलेल्या संशोधनाची ही मोठी मर्यादा आहे. शेवटपर्यंत टिकतात ते उत्साही, फोन हाताळण्यात सराईत लोक, आणि निष्कर्ष त्यांच्यापुरते जास्त खरे असतात.

२०२० मध्ये एकाच औषधाबद्दल दोन गोष्टी घडल्या

इंटरनेटवरून गोळा केलेल्या माहितीची ताकद आणि धोका, दोन्ही एकाच वर्षात दिसले. तेही संधिवाताच्याच औषधावरून.

हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे ऱ्हुमॅटॉइड आणि ल्युपसच्या रुग्णांचं रोजचं औषध. मार्च २०२० मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी कोरोनावरचा उपाय म्हणून त्याची भलामण केली. भारतात आयसीएमआरने आरोग्य कर्मचाऱ्यांना खबरदारी म्हणून ते घ्यायला सुचवलं. लोकांनी मेडिकलमधून पट्ट्याच्या पट्ट्या उचलल्या आणि ज्यांना ते खरोखर रोज लागतं, त्या रुग्णांना गोळ्यांसाठी दुकानं पालथी घालावी लागली. त्याच महिन्यात सरकारने या औषधाच्या विक्रीवर कडक निर्बंध आणले.

रुग्णांचा प्रश्न दुहेरी होता. गोळी मिळत नाहीये, आणि प्रतिकारशक्ती दाबणारी आपली बाकीची औषधं कोरोनात घातक ठरतील का?

याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. तेव्हा जगभरातल्या संधिवाततज्ज्ञांनी ट्विटरवरच्या चर्चेतून मार्चमध्येच एक गट उभा केला, 'कोविड-१९ ग्लोबल ऱ्हुमॅटॉलॉजी अलायन्स'. डॉक्टरांनी आपल्या कोरोना झालेल्या रुग्णांची माहिती, नाव न देता, एका ऑनलाइन नोंदवहीत भरायची. मे महिन्यात ४० देशांतल्या ६०० रुग्णांवर आधारलेला पहिला अहवाल आला. रोज १० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त स्टेरॉइड घेणाऱ्यांना रुग्णालयात भरती व्हावं लागण्याची शक्यता जास्त दिसली. संधिवाताची बहुतेक इतर औषधं तशी घातक दिसली नाहीत. आणि आधीपासून हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेत असल्याचा फायदाही दिसला नाही. नेहमी वर्षं लागणारं काम दोन महिन्यांत झालं होतं.

त्याच मे महिन्यात 'द लॅन्सेट' या नामांकित नियतकालिकात दुसरा एक अभ्यास छापून आला. ६७१ रुग्णालयांतल्या ९६ हजार रुग्णांची डिजिटल माहिती वापरून हायड्रॉक्सिक्लोरोक्विनने मृत्यू वाढतात, असा दावा त्यात होता. जागतिक आरोग्य संघटनेने या औषधाची आपली चाचणी तात्पुरती थांबवली. मग जगभरातले संशोधक विचारू लागले की ही रुग्णालयं कोणती? माहिती पुरवणारी सर्जिस्फिअर ही कंपनी मूळ नोंदी तपासायला देईना. ४ जूनला तो शोधनिबंध मागे घेतला गेला.

पुढे ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' या मोठ्या चाचणीने कोरोनाच्या रुग्णालयातल्या रुग्णांना या औषधाचा उपयोग होत नाही, हे दाखवलं. पण ते रीतसर, रुग्णांचे दोन गट पाडून केलेल्या चाचणीतून.

६०० रुग्णांच्या नोंदी भरणारे डॉक्टर खरे होते, त्यांना प्रश्न विचारता येत होता. ९६ हजारांच्या आकड्यामागे काय आहे, ते कुणालाच बघता आलं नाही. डिजिटल संशोधनाची बातमी वाचताना आकडा किती मोठा आहे यापेक्षा तो कुठून आला, हे आधी बघायला हवं.

आणि फोन कुणाच्या हातात आहे?

आतापर्यंतच्या सगळ्या प्रयोगांत एक गोष्ट गृहीत आहे. रुग्णाकडे स्वतःचा फोन आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) भारतात १५ ते ४९ वयोगटातल्या साधारण ५४ टक्के महिलांकडे स्वतः वापरत असलेला मोबाइल होता. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या महिला ३३ टक्के, तर पुरुष ५७ टक्के. महाराष्ट्रात हे प्रमाण महिलांमध्ये सुमारे ३८ टक्के होतं. त्यानंतर फोन आणि डेटा दोन्ही वाढले आहेत. तरी मुद्दा शिल्लक राहतो. ऱ्हुमॅटॉइड जास्त करून बायकांना होतो आणि घरातला फोन जास्त करून पुरुषांच्या हातात असतो. त्यात बोटं सुजलेली असतील तर छोट्या स्क्रीनवर टाइप करणं हेच एक दुखणं.

महाराष्ट्राने या आजाराच्या संशोधनात एक महत्त्वाचं काम इंटरनेटशिवाय केलेलं आहे. पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात भिगवण नावाचं गाव आहे. तिथे १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पुढाकाराने घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या 'कॉपकॉर्ड' या कार्यक्रमाचा तो भाग होता. साधारण १०० पैकी १८ प्रौढांना हाडं-सांधे-स्नायूंचं दुखणं होतं आणि ऱ्हुमॅटॉइडचं प्रमाण सुमारे ०.५ टक्के निघालं. म्हणजे दर २०० प्रौढांमागे एक.

भिगवणच्या पाहणीत फोन नसलेली म्हातारी आणि शाळा न शिकलेली शेतमजूर बाईही मोजली गेली, कारण विचारणारा माणूस तिच्या उंबऱ्यापर्यंत गेला होता. केवळ अ‍ॅपवर पाहणी केली तर नेमक्या याच बायका गळतील.

यावर एक उत्तर सरकारी व्यवस्थेतच आहे. 'ई-संजीवनी' या केंद्र सरकारच्या टेलिमेडिसिन सेवेने फेब्रुवारी २०२३ मध्ये १० कोटी सल्ल्यांचा टप्पा ओलांडला. सरकारच्या माहितीनुसार लाभ घेणाऱ्यांत ५७ टक्क्यांहून जास्त महिला होत्या. इंटरनेट वापरात मागे असलेल्या महिला इथे पुढे कशा? कारण यातले बहुतांश सल्ले घरच्या फोनवरून झालेले नाहीत. बाई गावच्या आरोग्य केंद्रात जाते, तिथला समुदाय आरोग्य अधिकारी तिच्यासोबत बसतो आणि संगणकावरून दूरच्या डॉक्टरशी बोलणं करून देतो. तिला फोन लागत नाही, पासवर्ड लागत नाही, टाइप करावं लागत नाही.

संधिवातासाठी ही रचना सोयीची आहे. केंद्रातल्या अधिकाऱ्याला सुजलेला सांधा दाबून ओळखायला शिकवता येईल. रक्ताचा नमुना तिथेच घेता येईल. डेन्मार्कमधली परिचारिका जे काम फोनवर करते, तेच काम इथे समोर बसून होऊ शकेल. त्यासाठी पलीकडच्या टोकाला सामान्य डॉक्टरच्या मागे संधिवाततज्ज्ञ उपलब्ध हवा आणि मेथोट्रेक्सेटसारखी औषधं खालच्या केंद्रांपर्यंत सतत पोहोचायला हवीत. स्क्रीनवर सल्ला मिळाला आणि गोळीसाठी पुन्हा जिल्ह्याला जावं लागलं, तर प्रवास वाचलेला नसतो.

आपली माहिती कुठे जाते?

सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये १४ अंकी 'आभा' क्रमांक मिळतो. त्याला रिपोर्ट आणि चिठ्ठ्या जोडता येतात. वर्षानुवर्षं चालणाऱ्या आजारात याचा फायदा उघड आहे. डॉक्टर बदलला तरी जुनी फाइल हरवत नाही. हा क्रमांक काढणं ऐच्छिक आहे आणि माहिती दाखवायला रुग्णाची संमती लागते.

खासगी अ‍ॅपचं मात्र प्रत्येकाचं वेगळं असतं. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होते आहे. तोपर्यंत मोफत अ‍ॅपमध्ये आजाराची माहिती भरण्याआधी ते कुणाचं आहे आणि ते काही विकतंय का, एवढं बघितलेलं बरं.

मग घरच्यांनी काय करावं?

सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून जास्त राहत असेल, बोटांचे किंवा मनगटांचे सांधे सुजत असतील आणि हे काही आठवडे चाललं असेल, तर शोधत बसू नये. जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा डॉक्टरकडे प्रत्यक्ष जावं आणि 'संधिवाततज्ज्ञाकडे पाठवाल का' असं विचारावं.

जाण्याआधी फोन वापरावा तो नोंदीसाठी. सकाळी सूज जास्त असताना हातांचे फोटो काढून ठेवावेत, कारण दुपारी दवाखान्यात पोहोचेपर्यंत ती उतरलेली असू शकते. ताठरपणा किती वेळ राहिला, कोणती गोळी घेतली, हे रोज एका ओळीत लिहावं. सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्यांचा फोटो सोबत असावा, मेडिकलमधून परस्पर आणलेल्या आणि ऑनलाइन मागवलेल्यांचासुद्धा.

निदान झाल्यावर, आजार आटोक्यात आल्यावर, डॉक्टरांना विचारावं की पुढच्या काही भेटी फोनवर होतील का आणि कोणती लक्षणं दिसली तर थेट यायचं. ताप आला, तोंडात फोड आले, धाप लागली किंवा एखादा सांधा अचानक लाल, गरम होऊन सुजला, तर व्हिडिओ कॉलची वाट बघायची नसते.

सुरुवातीच्या उदाहरणातल्या त्या मुलाने केलेला सर्च चुकीचा होता असं नाही, आईसाठी काहीतरी करावं असं त्याला वाटलं. त्याने त्याच फोनने उद्या सकाळी आईच्या बोटांचा फोटो काढावा आणि तिला सोबत घेऊन दवाखाना गाठावा.